मदीनाबीनं लावलेलं कुलूप

बसून राहणं म्हणजे आराम, असं ज्याला वाटतं त्याला मदीनाबीच्या जागी एक पावसाळा बसवायला पाहिजे होतं. मग कळलं असतं त्याला, बसल्या जागी माणूस कसं झिजतं ते.

कळमनुरीत बाजाराच्या मागच्या अंगाला पिंजाऱ्यांची थोडी घरं होती. त्यातलं कडेचं घर महेबूब पिंजाऱ्याचं. राज्य निजामाचं होतं, आणि नांदेडच्या सडकेला मोटार दिसली की लोक हातातलं काम टाकून बघायला उभे राहत, असा तो काळ. महेबूबला दोन लेकरं, थोरली मदीनाबी आणि धाकटा जमील. मदीनाबी वसमतला दिलेली, नांदत होती. मग तिची आई वारली आणि त्याच वर्षी जमीलच्या डोक्यात बिघाड झाला. "दोन महिने ये पोरी, घर सावरलं की जा माघारी," म्हणून बापानं तिला आणली. घर काही सावरलं नाही. ती राहिली ती राहिलीच. तिकडं नवऱ्यानं वाट बघून दुसरी केली, आणि त्याबद्दल त्याला कुणी चकार शब्दानं बोललं नाही. बाईनं मात्र दोन्हीकडं पुरं पडायचं असतं, ही आपली रीत.

जमील मिसरूड फुटायच्या वयाचा, हसरा पोरगा होता. एके दिवशी त्यानं पुढ्यातली भाकरी बाजूला सारली आणि विचारलं, "यात काय टाकलं?" मग म्हणायला लागला, आढ्यात माणसं बसून माझ्याबद्दल बोलतात. ती माणसं त्याला शिव्या देत, इकडं जा, तिकडं जा म्हणून फर्मावत. तोही त्यांना उत्तरं देई, आधी पुटपुटून, मग गल्ली गोळा होईल असा ओरडून. आणि त्यांनी 'चल' म्हटलं की हा निघालाच. एकदा हिंगोलीच्या वाटेवर सापडला, एकदा कयाधू नदीत गळ्याइतक्या पाण्यात. गाव तसं चांगलं, खोटं कशाला बोला. पिंजाऱ्याचा येडा एकटा दिसला की जो तो त्याचं मनगट धरून घरी आणून सोडी.

शेवटी बापानं दोरी आणली. एक टोक जमीलच्या कमरेला बांधलं, दुसरं मदीनाबीच्या मनगटाला, आणि तिला उंबऱ्यात बसवलं.

ती उठली की जमील उठे, आणि जमील उठला की सगळं घर उठे. म्हणून तिनं उठायचंच नाही. पाणी शेजारीण आणून टाकी, बाजार बाप करी. लग्नाआधी हिच्या चालीला बायका नावं ठेवायच्या, "ही पोरगी चालत न्हाई, पळते." ती पोरगी आता दिवसभर भिंतीला पाठ लावून बसलेली. पाय सुजले, गुडघे धरले. अन्न गोड लागेना, झोप लागेना. लागलीच तर दोरीला हिसका बसे. चिडचिड इतकी वाढली की ती जमीलला चिमटे काढी आणि मग त्याच हातानं त्याला कुरवाळी. परड्यात धोतऱ्याचं झाड होतं. एका दुपारी जमीलला ओढत तिथवर जाऊन तिनं त्याचं बोंड तोडलं आणि पदराला गाठ मारली. ते कुणासाठी, हे तिचं तिलाच ठरवता येईना. कधी वाटे त्याच्यासाठी, कधी आपल्यासाठी. दिवस मावळायच्या आत तिनंच ते चुलीत टाकलं आणि पोटभर रडली. "काहून रडतीस आपा?" जमील विचारत राहिला.

अशात बाप गाडीवरून पडला. हाडवैद्यानं उजवा खांदा बसवला, पण हात काही वर जाईना. दिवस ऐन थंडीच्या तोंडावरचे, विष्णुपंत वकिलाच्या घरी लग्न निघालेलं, आणि त्यांच्या गाद्यांचा कापूस घरात येऊन पडलेला. पिंजण म्हणजे पुरुषभर लांबीचं धनुष्य. ते आढ्याला टांगायचं आणि त्याच्या ताणलेल्या दोरीवर, म्हणजे तातीवर, लाकडी दस्ता हाणत राहायचं. तात थरथरली की गोळा झालेला कापूस उडून फुलून येतो. हे काम पुरुषाचं. पिंजाऱ्याच्या बायकांनी गाद्या शिवायच्या, पिंजणाला हात लावायचा नाही. पण कापूस तर पिंजायला पाहिजे. मदीनाबीनं जमीलची दोरी पिंजणाशेजारच्या खांबाला बांधली, पदर खोचला आणि दस्ता उचलला.

पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले आणि खांदे असे भरून आले की भाकरी मोडता येईना. पण तिला भूक लागली. किती दिवसांनी लागली! जेवून ती आडवी झाली ती मेल्यासारखी झोपली. दुसऱ्या दिवशी परत दस्ता उचलला. दस्ता तातीवर आदळायचा तेव्हा तिच्या डोक्यातलं सगळं झडून जायचं, वसमत, नवरा, ते धोतऱ्याचं बोंड. तिला कशावर तरी हाणायचंच होतं. कापूस मिळाला, बरं झालं.

आणि जमील गप्प बसला. गुडघ्यात हनुवटी घालून तो तातीचा आवाज ऐकत राहिला. ती दम खायला थांबली तसा कळवळून म्हणाला, "थांबू नको आपा. तू थांबलीस की ते बोलाया लागतात."

ती हिवाळाभर थांबली नाही. गावचा कापूस सरला तसं पिंजण खांद्यावर टाकून आसपासच्या गावांत जायला लागली. गाठोडं जमीलच्या डोक्यावर, दोरी तिच्या हातात. चालता चालता घाम निघे, गुडघे मोकळे होत. शेतातल्या बायका हसून विचारत, "बाई पिंजते का बुवा पिंजतो गं?" हीही हसून सांगे, "कापसाला इचारा." घरी आली की चुलीपुढं गुणगुणायची. भाऊ काही बरा झाला नव्हता. आढ्यातली माणसं होतीच. पण ती दोघं जगून राहिली होती, आणि कालपर्यंत तेवढंही नव्हतं.

पण माणसाला दुसऱ्याचं धड चाललेलं बघवतं कुठं? पिंजाऱ्यांच्या जमातीत खाजा मिया म्हणून वडीलधारा होता. तो महेबूबला चार लोकांत म्हणाला, "बाप हातावर हात देऊन बसतो अन् टाकलेली पोरगी पिंजण घेऊन गावोगाव हिंडते. आमच्या लेकीबाळींनी काय शिकायचं?" महेबूब मान खाली घालून घरी आला. आधीच हात गेलेला, त्यात हे. लेकीच्या हातचं खाताना त्याला घास गिळेना. एका सकाळी त्यानं उसनी बैलगाडी आणली आणि म्हणाला, "जमीलला दर्ग्यावर नेऊ. बाबा बरा करतील."

तो दर्गा कुठला ते सांगत नाही, उगाच कुणाच्या श्रद्धेला बोट कशाला लावा. कळमनुरीहून दिवसभराची गाडीवाट. मोठं आंगण, कडुलिंबाची झाडं, आणि झाडांच्या बुंध्याला साखळीनं बांधलेली माणसं. हिंदू, मुसलमान, सगळी. मदीनाबीचं काळीज लक्कन हललं. पण खोटं नको, आत कुठंतरी तिला हायसंही वाटलं. ह्याला बाबांच्या ओटीत टाकायचं, आपण सुटायचं, आणि उद्यापासून दस्त्याला दोन्ही हात मोकळे.

दर्ग्याची सेवा बघणाऱ्या म्हाताऱ्या मुजावरानं जमीलच्या पायात कडी घातली, कुलूप अडकवलं आणि किल्ली महेबूबपुढं धरली. "घरच्या मानसानं लावायचं असतं."

महेबूब म्हणाला, "माझा हात चालत न्हाई. तू लाव पोरी."

तिनं किल्ली फिरवली. मुजावरानं ती परत घेऊन कमरेला खोचली. मग मुजावर शांतपणे म्हणाला, "आता ऐक. ज्याच्या हातचं कुलूप, त्यानंच हितं बसायचं. बाबांचा हुकूम त्याच्याच सपनात येतो. हुकूम होईस्तवर आंगणाबाहेर पाय टाकायचा न्हाई, हाताला काम लावायचं न्हाई. बसायचं अन् मागायचं."

मदीनाबीनं बापाकडं पाहिलं. बाप बैलांच्या मानेवरच्या जुवाकडं बघत होता.

"तुमाला ठाऊक होतं अब्बा?"

"लोकं लई बोलून राहिले पोरी," तो म्हणाला आणि गाडीत चढला.

किल्ली फिरवायला डावा हातही चालला असता. हे तिला गाडी दिसेनाशी झाल्यावर सुचलं.

परत बसणं आलं. उंबऱ्यात होतं त्याहून वाईट, कारण इथं उठण्याची चवही ठाऊक झालेली. शेजारच्या लिंबाला सूर्यकांत नावाचा पोरगा बांधलेला होता, आणि त्याच्यापाशी त्याची आई अनुसूया, शिरड शहापूरची. नवरा नाही, ल्योक एकुलता. ती बाई मदीनाबीच्या किती आधीपासून बसलेली, तिचं तिलाच आठवत नव्हतं. घोटे सुजून खांबासारखे झालेले. "पाय आता माझे न्हाईत पोरी," ती म्हणायची, "बाबांचे झाले. त्यांना लागतील तवा नेतील." दोघी एकमेकींच्या भाकरीत भाकरी मिसळून खायच्या. अनुसूया रोज उठल्या उठल्या विचारी, "पडलं का गं सपान?" आणि मदीनाबी 'न्हाई' म्हणून मान हलवी.

पिंजणाचा आवाज तुटला तशी जमीलच्या आढ्यातली माणसं लिंबावर येऊन बसली. तो घसा फुटेस्तवर ओरडे. कडीनं घोट्याचं कातडं गेलं, त्यात पाणी झालं. "वाजव ना आपा," तो हात जोडून म्हणायचा. ती मांडीवर थापा मारून ठेका धरायची, तर मुजावर दुरून म्हणे, "बाई, हाताला काम न्हाई." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या बापानं त्याला जे सांगितलं तेच तो सांगत होता. उन्हाळा गेला, पावसाळा लागला. तिला स्वप्नं पडत, पण त्यात बाबा येत नसत. तिला दिसे ती सडक, आणि सडकेवरून भराभर चालणारे तिचेच पाय. आणि एका सकाळी तिच्या ध्यानात आलं की आपण जमीलच्या गळ्याकडं बघून राहिलोय. कडीचं कुलूप उघडता येत नाही, पण गळा हाताच्या टप्प्यात आहे, असा हिशोब आपलं डोकं करून राहिलंय.

ती लिंबाचा बुंधा धरून उठली. "हुकूम झाला," ती म्हणाली.

सगळं आंगण तिच्याकडं वळलं. मुजावर लगबगीनं आला. "काय दिसलं?"

"पांढऱ्या कापडातला म्हातारा मानूस. म्हनला, सोड त्याला."

असंच दिसतं, हे तिनं दहाजणांच्या तोंडून ऐकलेलं होतं. मुजावरानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग तिच्या सुजलेल्या पायांकडं. त्यानं कमरेची किल्ली काढून तिच्या हातात दिली. अनुसूया रांगत येऊन तिच्या पायाशी पडली. "माझ्यासाठी पन माग गं," म्हणाली. मदीनाबीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

खोटं बोलणं एकवेळ सोपं, पण ते खोटं गावात नांदवायचं महाकठीण. दर्ग्याहून परतणाऱ्या एका गाडीतून दोघं घरी आली, आणि महेबूबनं साखर वाटली. खाजा मिया घरी येऊन जमीलच्या पाठीवरून हात फिरवून गेला. जमील बरा झाला, बाबांनी बरा केला, सगळ्या कळमनुरीत झालं. आणि बरा झालेल्या माणसाला दोरी कोण बांधतं? बापानं ती विहिरीच्या पोहऱ्याला लावली. बऱ्या झालेल्या पोराच्या घरात बाईनं पिंजण कशाला चालवायचं? दस्ता जमीलच्या हातात गेला.

"अब्बा, थोडे दिवस दोरी ऱ्हाऊ द्या," ती एकदा म्हणाली.

"बाबांच्या हुकुमावर शक घेतीस? तुलाच झाला ना हुकूम?"

आपल्याच हातानं आपलं तोंड शिवून घेतलेलं. जमील पिंजायचा, खरंच पिंजायचा. थांबायचाच नाही. पिंजलेला कापूस परत पिंजायचा, त्याचा भुगा होईस्तवर. हाताला रक्त आलं तरी दस्ता खाली ठेवायचा नाही, कारण ठेवला की काय होतं ते त्याला ठाऊक होतं आणि तिला ठाऊक होतं. लोक दारातून बघून म्हणत, "काय कष्टाळू पोरगं निघालं बघा."

मग तात तुटली. नवी तात नांदेडहून यायची होती. घर सुनं पडलं आणि जमील आढ्याकडं बघायला लागला. महेबूबच्या डोळ्यांना ते दिसलंच नाही. ज्याला बरं बघायचं असतं त्याला बरंच दिसतं. त्यानं एक तयार रजई जमीलच्या डोक्यावर दिली आणि कयाधूपलीकडच्या वाडीला पोचवायला धाडलं. "मी जाते संगं," मदीनाबी म्हणाली. "एवढ्या थोर मर्दाला बहीण कशाला राखणीला?" बाप म्हणाला. "लोकं हसतील."

बाप आत गेला तशी ती निघाली. जमील गल्लीच्या टोकाला होता, दिसत होता. चालीचंच काम होतं, दुसरं काही नाही. पण दर्ग्याच्या आंगणानं पाय खाल्ले होते. पेठ ओलांडेपर्यंत गुडघे अडकले. ती मांड्यांवर बुक्क्या मारत, भिंती धरत निघाली. तिनं हाका मारल्या. ज्या वाटेनं ती पिंजण खांद्यावर टाकून झपाझप जायची त्याच वाटेवर ती खाली बसली, उठली, परत बसली. काही अंतर तर ती हातावर रांगली. नदीशी पोचली तेव्हा काठावर रजई तेवढी होती, नीट घडी घालून दगडावर ठेवलेली.

पलीकडच्या दरडीवर ग्यानबा गुराखी उभा होता. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, गढूळ पाणी दोन्ही थड्या धरून चाललेलं. "कुनाशी तरी बोलत बोलत पान्यात शिरला," ग्यानबा ओरडून सांगत होता. "मी हाक मारनार होतो मदीनाबी. पयले मारतच होतो का न्हाई? पन म्हनलं, आता बरा झालाय पोरगा. त्याला कळतंय की."

दुसऱ्या दिवशी खालच्या गावाच्या वळणाला तो सापडला.

मातीला सगळं गाव आलं. आणि जो आला त्यानं मदीनाबीला एकच सांगितलं, "बरा होऊन गेला, तेवढं तरी समाधान मान." महेबूब तर ते जपासारखं म्हणत राहिला. तेवढ्याच आधारावर तो म्हातारा उभा होता, आणि तो काढून घ्यायची हिंमत तिला झाली नाही. बापाला काही बोललं तर बाप मरेल, नाही बोललं तर आपण मरू, अशा कात्रीत तिनं चाळिसावा उरकला. फातिहा झाल्यावर ती पहाटेच घर सोडून चालू लागली. थांबत, बसत, मुक्काम करत दर्ग्यावर पोचली.

मुजावर ओट्यावर होता. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं, "मला हुकूम झाला नव्हता. मी खोटं बोलले. माझा भाऊ बुडाला."

मुजावरानं डोळे मिटले. "तू खोटं बोललीस," तो म्हणाला. "अन् मी तुझे पाय बघून किल्ली दिली. मला काय कळलं नव्हतं? जा आता, त्यांच्यापुढं सांग." त्यानं बाबांच्या मजारीकडं हात केला.

ती आत जायला वळली तर कुणीतरी पदर धरला. अनुसूया. लिंबाच्या बुंध्याशी सूर्यकांत तसाच बसलेला, आणखी वाळलेला. अनुसूयेला काही कळलेलं नव्हतं. तिचे डोळे लकाकत होते. "आलीस पोरी? मला सांग, कोन्या कुशीवर निजली होतीस त्या दिशी? काय म्हनून निजली होतीस? एवढं सांग मला, तुझ्या पाया पडते."

"मला सपान पडलंच न्हाई काकू," मदीनाबी म्हणाली. "सहन होईना म्हनून बोलले. अन् जमील गेला."

अनुसूयेनं पदर सोडला. ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मदीनाबीला वाटत होतं द्याव्यात. ती नुसती सूर्यकांताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मग मी काय करू?"

ह्याला उत्तर कुणापाशी होतं? मुजावरापाशी नव्हतं, हकिमापाशी नव्हतं, सगळ्या निजामाच्या राज्यात कुणापाशी नव्हतं. मदीनाबीनं वाकून अनुसूयेच्या दोन्ही काखांत हात घातले आणि तिला उभी केली.

"तुमी जरा चालून या. वढ्यापस्तोर जा, माघारी या. मी बसते ह्याच्यापाशी."

"कुलूप माझ्या हातचं हाय पोरी. आंगण सोडता येत न्हाई."

"मी बसते म्हनलं ना."

मुजावर ओट्यावरून बघत होता. अनुसूया एकेक पाय ओढत, झाडाला झाड धरत आंगणाच्या वेशीपर्यंत गेली. तिथं थांबली. बाहेरच्या वाटेकडं तिनं पाहिलं, आणि मग इतक्या बारीक आवाजात बोलली की मदीनाबीला ते जेमतेम ऐकू आलं.

"अन् मी माघारी आलेच न्हाई तर?"

मदीनाबी सूर्यकांताशेजारी खाली बसली.

"तरी जा," ती म्हणाली.